यान फिरतंय तोवर

आबा, आज वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही शुक्राकडे कशा वळलात? मी कुतूहल, जिज्ञासा असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर धुळ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही. तुम्हाला मात्र सांगता येईल, कारण तुम्ही तिथंच बसला होतात.

एसटीची साक्री फेरी संपवून तुम्ही नुकतेच आलेले. खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, पुढ्यात भाकरी आणि ठेचा. मी एम.एस्सी. झालेली, परगावी संशोधनासाठी निवड झालेली, आणि आईकडे नशिराबादचं एक स्थळ आलेलं. आई भाकरी थापते आहे ती जरा जास्तच जोरात. तुम्ही विचारलंत, "तू तठे नेमकं काय करनार शे?" मी सांगितलं की शुक्राभोवती अमेरिकेचं एक यान कितीतरी वर्षं फिरतंय, ते तिथल्या हवेची मोजमापं पाठवतं. सूर्याकडून सारखा एक वारा वाहत असतो, विजेनं भारलेल्या कणांचा. तो शुक्राच्या हवेवर आदळतो तेव्हा काय होतं, ते बघायचं. पृथ्वीला चुंबकाचं कवच आहे, शुक्राला नाही.

"म्हंजे पुढची काच नही," तुम्ही म्हणालात.

"तसंच समजा."

"मग ड्रायव्हर मरी जाई ना!"

मग मी सांगितलं, की हवेचा अगदी वरचा थर तो मारा अंगावर घेतो, त्यामुळे खालची हवा वाचते. तुम्ही घास हातात धरून विचार केलात आणि एकदम फुललात. "समजनं! दारले लोंबकळतस, त्यास्ले वारा लागस. मधला आरामात बसस."

"आणि लोंबकळणाऱ्यांतले काही उडून जातात," मी म्हणाले.

"जातसच," तुम्ही अनुभवाच्या सुरात म्हणालात.

आईनं तवा खाली उतरवला. "ही शिकायला चालली की कंडक्टर व्हायला? आणि ते यान फिरणार तरी कधीपर्यंत?" तुम्ही हीच संधी साधलीत. यान फिरतंय तोवर पोरीला शिकू दे, मग तू म्हणशील तसं. आईनं मनात हिशेब केला असणार की इतकी वर्षं गॅरेजचं तोंड न पाहिलेली गाडी फार तर दिवाळीपर्यंत चालेल. तिनं मान्य केलं. यान तिच्यापेक्षा चिवट निघालं.

तुमची चूक पुढे झाली. 'मनी पोर शुक्रवर काम करस' हे तुम्ही अख्ख्या डेपोला सांगितलंत. झालं! आपल्या बौद्ध घरात पत्रिका म्हणजे लग्नाचं आमंत्रण, एवढंच ठाऊक. आता मी सुट्टीला आले की लोक पोरापोरींच्या जन्मपत्रिका घेऊन दारात. तुम्ही त्यांना अंगणातूनच परत पाठवायचात, तेही दोन शब्द सुनावून. पण एका रविवारी खुद्द डेपोचे मोठे साहेब केळ्यांची फणी घेऊन आले, तेव्हा तुम्हीच उठून खुर्ची पुसलीत.

"ताई, मुलीचा शुक्र कमजोर सांगतात," साहेब म्हणाले. "जामनेरची मंडळी अडून बसलीय."

मला तेव्हा ज्ञानाचा माज होता. मी म्हटलं, साहेब, शुक्रावर शिसं वितळेल इतकी उष्णता आहे. वर ढग आहेत ते तुमच्या गाड्यांच्या बॅटरीत असतं त्या ॲसिडचे. पाऊस पडतो तो जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच त्याची वाफ होते. त्यात सूर्याचा वारा त्याची हवा वरून थोडी थोडी ओढून नेतोय. साहेबांच्या हातातला चहा निवला.

"एवढं सोसतो, आणि तरी चमकतो?"

"त्या ढगांमुळेच चमकतो."

"मग त्याला कमजोर कोण म्हणतं?" असं म्हणून साहेबांनी पत्रिका घडी करून खिशात घातली, पोह्यांची बशी रिकामी केली आणि तडक जामनेर गाठलं. तिथं ॲसिडसकट सगळं ऐकवलं म्हणे. महिन्याभरात लग्न ठरलं. मी हसून हसून बेजार. "तो घाबरेल बाप व्हता, पोरी," तुम्ही म्हणालात. "तू त्याले पेपरले बसाडं." परीक्षा घेताना तोंडी प्रश्नांना अडखळणारी मुलं समोर आली, की मला अजून ते वाक्य ऐकू येतं आणि मी सोपा प्रश्न विचारते.

मग ब्याण्णव साल आलं. यानाचं इंधन संपत आलं, ते खाली खाली येत गेलं आणि दसऱ्याच्या सुमाराला शुक्राच्या हवेत शिरून जळून गेलं. त्याच महिन्याच्या अखेरीला तुम्ही निवृत्त होणार होतात, म्हणून मी घरी आले. आई दारातच. "पडलं म्हणे ते." पेपरात कोपऱ्यात आलेली बातमी तिनं बरोबर हेरली होती. पुढच्या रविवारी नवी पाहुणेमंडळी येणार, हेही तिनं ठरवून टाकलेलं. माझा प्रबंध निम्मा झालेला. ठरलं होतं ते ठरलं होतं. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही खाकी पँटला इस्त्री करत होतात, जणू घरात दुसरं कोणी नाहीच.

निरोपाला डेपोत झेंडूचा हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. आई पहिल्या रांगेत नव्या लुगड्यात. साहेबांचं भाषण झालं आणि तुम्ही उभे राहिलात. सगळ्यांना वाटलं, आता घाटातल्या गोष्टी निघणार. तुम्ही यानावर बोललात. "इतला वरीस फिरनं. टायर नही, क्लीनर नही, एक दिवस रजा नही. इंधन सरनं तवय पडनं." डेपोत टाळ्या. मग तुम्ही आईकडे वळलात. "पन गाडी भंगारमा गयी म्हनीसन कोनी माल फेकी देस का? त्यानी धाडेल माल अजून बठ्ठा उतारेल नही शे. तो उतरस तोवर मनी पोर तठेच राही." सर्वांत आधी टाळी साहेबांनी वाजवली. आईला चारचौघांत बोलता येईना.

घरी येताना तिनं फक्त एवढंच विचारलं, "किती माल आहे गं?"

"खूप आहे आई."

"मला वाटलंच."

प्रबंध पूर्ण झाला. लग्नही झालं, पण माझ्या पसंतीनं, आणि शालू आईच्या पसंतीनं. तुम्ही गेलात तेव्हा मी त्याच मोजमापांवर काम करत होते. आजही त्यातलं काही काढून बसले की दुपार कशी जाते कळत नाही.

एकच गोष्ट राहिली. त्या भाषणात 'इंधन सरनं तवय पडनं' म्हणालात तेव्हा मी पदरात तोंड घालून रडले. तुम्ही ते पाहिलंत, आणि पुढे जो येईल त्याला सांगत राहिलात, 'मना निरोपले मनी पोर कितली रडनी!' आबा, मी यानासाठी रडत होते. तुमच्या निवृत्तीचं मला काडीचं वाईट वाटलं नव्हतं. उलट, आता तुम्ही दुपारचं गरम जेवाल म्हणून बरंच वाटत होतं. पण हे सांगताना तुमचा चेहरा असा काही उजळायचा की मी दर वेळी होकारार्थी मान हलवायचे. हे तुम्हाला कळू नये असं मला अजूनही वाटतं. त्यामुळे पत्र पोचवायची सोय असती, तरी हे मी पाठवलं नसतं.