खंडेनवमीला झोपलेला बोर्ड

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. सकाळीच कॉम्प्युटरवर कंपनीची पाटी: मदरबोर्डाच्या बायोसचं, म्हणजे मशीन उठवणाऱ्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलंय, तातडीचं. म्हटलं होऊन जाऊ दे, आणि नैवेद्याच्या हरभऱ्यांना, सुंडलला, फोडणी द्यायला आत गेले. परत येते तो कॉम्प्युटरच्या डब्याला चंदन, त्यावर कुंकू, पुढ्यात चुरमुरे-गूळ, आणि आईने वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली.
"आई, अपडेट चाललें होतें!"
"कुंकू लाविल्यावर हत्यार चालवूं नये. उद्यां चालीव."

२ ऑक्टो., गुरु.
विजयादशमी. मुहूर्तावर बटण दाबलं. पंखा फिरतो, पडदा काळा.
बस स्टँडजवळचा रिपेरवाला सेल्वम बघून गेला. डिस्क ठणठणीत, अर्धवट अपडेटने बोर्ड मेलाय. आणि साड्यांच्या काठापदराच्या नक्ष्या काढायचा माझा प्रोग्रॅम याच बोर्डाला बांधलेला, दुसऱ्यावर उघडत नाही. तो करणारे कधीच गाशा गुंडाळून गेले. म्हणजे सात वर्षांच्या २१२ नक्ष्या आत आणि मी बाहेर. जेवण गेलं नाही.
आई म्हणते, "पंखा फिरतो कीं!"

४ ऑक्टो., शनि.
बोर्डाच्या कं.ला फोन. अर्धा तास बासरी. मग एक बाई: "मॅडम, आधी बायोस अपडेट करून बघा."
म्हटलं, त्यानेच तर मेलंय.
"मग पडद्याचा फोटो पाठवा."
पाठवला. काळा. उत्तर आलं, फोटो स्पष्ट नाही.
हसून हसून पोट दुखलं. मग थोडं रडूही आलं.

७ ऑक्टो., मंगळ.
तक्रार निकाली काढली म्हणे. उपाय: नवा बोर्ड घ्या. सेवेला किती तारे? एक दिला. त्याहून कमी देता येत नाही.
माझ्या नक्ष्या मागावर चढवणारे गोविंदन अण्णा दारात. मोराचा काठ कधी? त्यांना आईकडे पाठवलं. दोघं कॉफी पीत बसले.

९ ऑक्टो., गुरु.
पुन्हा फोन. हिंदीत अडखळले, तोंडातून मराठीच निघालं. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी?"
"हो, कुंभकोणम्‌ची. तीन शतकें आम्ही इकडेच. मज नवें कांहीं नको. जुनें होतें तेंच द्या."
ते खूप हसले. "पणजीशी बोलतोय असं वाटतंय." पणजी! मला अजून पन्नासावं लागायचंय! पण मग आवाज खाली करून म्हणाले, "जुनी फाइल द्यायची आम्हाला परवानगी नाही. पण बोर्डावरची बायोसची चिप पुसायच्या आधी वाचून ठेवायला रिपेरवाल्याला सांगा. बोर्डाची ओळख तिच्यातच असते."
पाच दिवसांत कं.मधलं पहिलं माणूस भेटलं. नाव विचारलं, पण इथे लिहीत नाही. उगाच त्यांची नोकरी जायची.

१३ ऑक्टो., सोम.
सेल्वमने चिपला चिमटा लावला. आधी वाचून घेतली. ओळखीचा भाग अर्धाच शाबूत. उरला तेवढा राखून, तसल्याच दुसऱ्या बोर्डातला बायोस घालून पुन्हा लिहिली. बटण. पडदा उजळला!! मी ओरडले, शेजारची पळत आली. आईने सेल्वमची मीठमिरचीने दृष्ट काढली. एवढा बाप्या, कानापर्यंत लाजला.
प्रोग्रॅम उघडला. वर पाटी: बोर्ड ओळखीचा वाटत नाही, सात दिवस चालेन.

१४ ऑक्टो., मंगळ.
कं.ला लिहिलं, बोर्डाचा मूळ नंबर तुमच्या नोंदीत असेलच, तेवढा कळवा. उत्तर: दहा कामाच्या दिवसांत संपर्क साधू. वा!
हा प्रोग्रॅम बाहेर काही देतो ते फक्त चौकटीच्या कागदावर छापून. एका नक्षीला दीड तास. २१२ होणं शक्य नाही. सकाळपासून यादी घेऊन बसले होते, लाडक्या नक्ष्यांवर खुणा करत.
आई मागून बघत होती. "त्या कशास? त्या तुज पाठ आहेत. आठवत नाहींत, त्या आधीं काढ."
खुणा खोडल्या. नाव वाचून जिचा काठ डोळ्यांपुढे येईना, तिच्यावर नवी खूण. एकसष्ट निघाल्या. एवढं विसरले मी?
पहिली लावलीय. कागद सरकतोय, आई टोक धरून बसलीय. उलट्या कोयऱ्या, मधे बारीक जाळी. ही मी काढली? कधी? केवढी सुरेख आहे!