डावा की उजवा?

रविवार, संध्याकाळ. बिबवेवाडी.

लिही गं अनू, मी सांगते तसंच. मला अक्षर येत नाही, पण दिसतं स्वच्छ.

आज आमच्या नातीची मॅच टीव्हीवर पाहिली. गोलच्या तोंडाशी अनू धाडकन पडली आणि डावा घोटा धरून कळवळली. पंचांनी समोरच्या पोरीला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. पेनल्टी मिळाली, आम्ही जिंकलो. घरी आल्या तेव्हा बाईसाहेब उजव्या पायाने लंगडत होत्या!

डावा की उजवा? विचारलं, तर म्हणते, “आजी, सगळेच पडतात गं. प्रोफेशनल खेळ आहे.”

सगळेच? मग सगळ्यांनाच वर्षभर घरी बसवा. फार कडक होईल का? लंगडी खेळताना मी एकदा पाय टेकवून गप्प राहिले होते. मैत्रिणींनी महिनाभर खेळायला घेतलं नाही. रडले खूप, पण पुन्हा पाय टेकवला नाही.

इथे मात्र शिक्षा भोगणार ती दुसरी पोरगी. पुढची मॅच तिला बंद. तिचीही आजी टीव्हीसमोर बसली असेल.

वाच बघू काय लिहिलंस... डावा-उजवा गाळलास ना वाचताना? माझे कान शाबूत आहेत, राणीसरकार. दुखतोय कुठला, ते सांग.

(कुठलाच नाही, आजी. उद्या पंचांना कळवते.)

मी गप्प आहे, तरी पेन चालतंय. काय लिहितेस? म्हणे, “तारीख घालते.”

एवढी लांब तारीख?