चार ग्रह आणि कुळथाचा काढा

मिरजोळे, रत्नागिरी

चि. सानवी हिस काकाचे अनेक आशीर्वाद. तिकडे पुण्यात तुझी तब्येत बरी असेल, मेसचं जेवण घशाखाली उतरत असेल आणि दुर्बिणीत बघून बघून डोळे शिणले नसतील, असं धरून चालतो. इकडे माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य पुन्हा वाच. कारण वाडीत त्यावर कोणाचाही विश्वास उरलेला नाही, आणि त्याला जबाबदार तू आहेस.

दुसऱ्या सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा फोटो पाठवलास, चांगलं केलंस. थेट टिपलेल्या पहिल्यावहिल्या फोटोंपैकी हा एक, म्हणून मलाही अभिमान वाटला. पण तो पारदर्शक प्लास्टिकवर कशाला छापून घेतलास गो? (मागून उजेड आला की छान दिसतो, असं तूच कळवलंस.) मी तो पडवीच्या खिडकीच्या काचेला चिकटवला. मध्ये काळा गोल, भोवती चार पांढुरके ठिपके. तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. आप्पांनी उमेदीची वर्षं मुंबईच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून काढली, त्यामुळे वाडी त्यांना निम्मा डॉक्टर समजते (उरलेला निम्मा ते स्वतः समजतात). चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो एक्स-रेसारखा निरखला आणि चहा घेऊन आलेल्या तुझ्या विमलाकाकीला हळूच म्हणाले, "वैनी, मूतखडे हायत. चार."

मी समजावायला गेलो, तिथेच चुकलं. मधल्या ताऱ्याचा उजेड फार, म्हणून तो मुद्दाम झाकलाय, असं म्हटलं, तर काकीने 'मुद्दाम झाकलाय' एवढंच ऐकलं. ग्रह वायूचे आहेत म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "म्हणजे गॅसपण हाय." वयाने अजून कोवळे आहेत म्हटलं, तर कोवळे आहेत तोवरच पाडून घ्या, असा सल्ला मिळाला. ते जागा बदलतात हे तर मी बोलायलाच नको होतं. समोरच्या प्रेमलावहिनी विरजण मागायला आल्या होत्या, त्यांनी "हलले की कळ येते" म्हणून मला दंडाला धरून खाली बसवलं.

तेव्हापासून मूतखड्यावरचा रामबाण कुळथाचा काढा. कुळथाची पिठी मी आवडीने खातो, पण हा काढा घोड्यालाही पाजू नये. सकाळी काकीचा, दुपारी वहिनींचा, आणि संध्याकाळी आप्पा समोर बसून पाजणार. आमचा लेक प्रमोद मुंबईहून रजा टाकून आला. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. मी चिडून ओरडलो की एकमेकांकडे बघून म्हणायचे, "दुखतंय त्यांना."

त्यात पानात मासळी दिसेना. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. काकी पाठमोरीच उभी होती. म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेपर्यंत मी मासळी सोडलीय. घरात आणत नाही. आजवर माझ्यापासून काही लपवलं नाहीत. आता खिडकीला लावून ठेवलंत, पण तोंडाने सांगवेना होय?"

सानवी, बांगड्याशिवाय जिला घास जात नाही, ती ही बाई. मी भांडण तिथेच सोडलं, चपला घातल्या आणि म्हटलं, "चल, सोनोग्राफी करून येऊ."

एकही खडा नाही. डॉक्टरांनी सांगताच काकी तिथेच रडली, आणि माझेही डोळे जरा चुरचुरले (एसी फार होता). मला वाटलं, सुटलो. पण आप्पांनी रिपोर्ट वाचून मांडीवर थाप मारली, "कुळीथ! चारी पडले!" आता त्यांच्या अंगणात मालगुंडपासून माणसं येतात, आणि पुरावा म्हणून मला बोलावणं येतं. परवा एकाने माझ्या पाया पडून विचारलं, पडताना फार दुखलं का?

असो. अभ्यास कर, जेवणाची आबाळ करू नकोस, आणि यापुढे जे पाठवायचं ते कागदावर पाठव.

तुझा,
काशीराम काका

ता.क. : काकीने बांगडे तळले. फोटो मी काढून ठेवणार होतो, पण तिनेच अडवलं. आता ती येईल त्याला सांगते, "आमच्या सानवीने पाठवलेले ग्रह."

ता.क. दुसरा : मुख्य काम राहिलंच. काल तिन्हीसांजेला काकीने मला अंगणात नेऊन विचारलं, हे ग्रह नेमके कुठल्या ताऱ्याचे? एवढं सगळं झाल्यावर ठाऊक नाही म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून मी एमआयडीसीच्या डोक्यावरचा एक बऱ्यापैकी तारा दाखवला. तिने हात जोडले. खरा तारा कुठे असतो ते लगेच कळव. मी दाखवला तो नसेल, तर मात्र काकीला फोन करू नकोस.