निळ्या कोटावरच्या गोमाश्या

ता. २ मे

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिवलेला गडद निळा कोट मापात बसला. तबेल्यातले बाकीचे जुने, विटके सदरे घालून घोडे धुतात. मी मात्र साहेब! पार्सल सोडल्यापासून तो अंगावरून उतरलेला नाही.

इकडे गोमाश्यांचा सुळसुळाट झालाय. बोटाच्या पेराएवढी, हिरव्या डोळ्यांची माशी. ती सुईसारखी टोचत नाही, सरळ कातडी कापते आणि रक्त चाटते. आणि तिचा जीव नेमका माझ्यावर! काल भुवईपाशी चावली, डोळा लिंबाएवढा सुजला. मुकादम म्हणतो, माझं रक्त गोड आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा, सध्या एकाच डोळ्याचा,
बारक्या

ता. ९ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

रक्त गोड असेलच, लहानपणी माझ्या वाटणीची साखर कुणी फस्त केली ते मला माहीत आहे. पण मुकादमाचं म्हणणं काही पटत नाही. चाखल्याशिवाय माशीला गोड-कडू कळणार कसं? ती आधी काहीतरी बघत असणार. आठवडाभर लिहून ठेव: किती वाजता येतात, कुठे बसतात, इतरांना किती चावतात. आणि डोळा डॉक्टरांना दाखव. टाळलंस तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी काळजीखोर
ताई

ता. १७ मे

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा हुकूम पाळला. भर उन्हात येतात. मला चौदा चावे, बाकी सगळ्यांना मिळून तीन. उतरतात कोटाच्या पाठीवर, मग चालत चालत मानेवर येऊन चावतात. चावणाऱ्या साऱ्या माद्याच म्हणे. नर बिचारे फुलांवर पोट भरतात.

आता रागावू नकोस. परवाच्या चाव्यानंतर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. रक्त गोठू नये म्हणून माशी आपली लाळ सोडते, तीच मला बाधते. पुढच्या वेळी श्वासच अडकू शकतो, तेव्हा तबेला सोड, असं त्या म्हणाल्या. ताई, तांबडी घोडी व्यायला झालीय. माझ्याशिवाय ती कुणाला जवळ येऊ देत नाही. मी कसा सोडू? तूर्तास तुझ्या कोटाची गळ्यापर्यंत बटणं लावतो, त्याचाच आधार वाटतो.

आशीर्वाद असू दे.
बारक्या

ता. २४ मे

बारक्या,

पत्र मिळताच तो कोट काढ.

पाठीवर उतरतात हे वाचलं आणि हातातली कात्री थांबली. गुरांचे डॉक्टर माझ्याकडे कपडे शिवायला टाकतात, त्यांना विचारलं. गोमाशी मोठं, गडद, हलणारं अंग शोधते, असं ते म्हणाले. तरी मला खात्री करून घ्यायची होती. गवळ्याच्या गोठ्यामागे एकाच मापाच्या तीन चिंध्या टांगल्या, उंदीर पकडायचा गोंद फासून. संध्याकाळपर्यंत पांढरीवर एक, पिवळीवर दोन. तुझ्या कोटाच्या उरलेल्या कापडावर सत्तावीस.

डाग दिसू नयेत म्हणून मीच तो रंग निवडला रे. घरी येऊन खूप रडले. सोबत पांढरा कोट पाठवते आहे. निळा जाळून टाक, मला तो पुन्हा दिसायला नको. आणि बाईंनी ठाम नाही म्हटलं, तर निमूट घरी ये.

ताई

ता. ८ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पांढऱ्या कोटावर पहिल्याच दिवशी तांबडीने तोंड पुसलं, तेव्हा डाग दिसतो हे सिद्ध झालं. दोन आठवड्यांत एकही चावा नाही. बाईंनी राहायची परवानगी दिली, पण इंजेक्शन कायम खिशात हवं. आतून त्या मापाचा एक खिसा शिवून देशील? तांबडीला शिंगरू झालं, पांढऱ्या पायांचं. पहिल्यांदा उभं राहिलं ते माझ्याच मांडीला टेकून.

निळा कोट मात्र जाळला नाही, माफ कर. दोन काठ्यांवर चढवून, गोंद फासून कुंपणापाशी उभा केलाय. वारा आला की हलतो आणि सगळ्या गोमाश्या त्याच्यावर तुटून पडतात. मी शिंगराला घेऊन शेजारून जातो, तर माझ्याकडे एकही फिरकत नाही. तू माझ्यासाठीच शिवला होतास ना? तो अजून माझ्यासाठीच उभा आहे.

तुझा
बारक्या