ढेऱ्याकाका कुठं गेला?

१७ जानेवारी १९५५

बाशिंग कोणी आणलं? सकाळपासून डोक्यात दुसरं काही नाही! गोवऱ्या थापल्या तरी तेच, भाकरी थापल्या तरी तेच.

बाजाराच्या मैदानात बाहुल्यांचा खेळ लागला आहे. रोज दिवेलागणीला एक तुकडा, असा संक्रांतीपासून चालला आहे. गोष्ट एकच – एक लग्न, ते काही केल्या लागत नाही. नाच, गाणी, विहिणींची झोंबाझोंबी. मदनसिंग पडद्यामागून दोऱ्या हलवतो अन् तोंडात शिट्टी धरून बाहुल्यांची चीं चीं काढतो. त्याची बायको मोतीबाई पुढं ढोलकी घेऊन बसते. बाहुली काय बोलली ते ती आपल्याला सांगते. सगळं शिरपूर हसून हसून लोळतं.

मागच्या वर्षी खरी मजा ढेऱ्याकाकाची होती. नवरदेवाचा काका, हे एवढं पोट! हे तर त्याच्यावर फिदाच होते. आठ दिवस घरात तोंडानं तशीच चीं चीं करत होते, मी चिडले तर जास्तच. यंदा ढेऱ्याकाका दिसलाच नाही. पहिल्या दिवशी वरमाय म्हणाली, "काका, बाशिंग आणा!" मांडवात काकाच्या जागी कोणीच नव्हतं. शिट्टीही वाजली नाही. मोतीबाईनं मात्र ढोलकी थांबवली, वाट पाहिली अन् म्हणाली, "हो हो, जातो म्हनतात काका."

अन् काल नवरदेवाच्या कपाळी बाशिंग! मग आणलं कोणी?

१८ जानेवारी

आज तर कहर. वऱ्हाडाची बैलगाडी आली – हाकणारा नाही! सगळ्या बाहुल्या रिकाम्या जागेकडं पाहून ओरडल्या. मोतीबाई म्हणे, "काका, दमानं हाका!" लोक हसले. माझ्या अंगावर काटा आला.

सासूबाईंना विचारलं, तर खेकसल्या. "बाहुल्याच त्या! तुले कायले पाह्यजे त्यायचा हिशोब?" मामंजी जेवत होते. ते अर्ध्या भाकरीवरून उठले. मी खेळातलं विचारलं होतं, त्यांच्या शेतीतलं नाही!

१९ जानेवारी

हे जाऊन तीन महिने होतील. खांडव्याकडं रेल्वेच्या पुलाचं काम. जऊळक्याला गाडीत बसताना म्हणाले होते, संक्रांतीचा तीळगूळ घरीच. संक्रांत होऊन गेली. निरोप नाही. पोटातलं आज फार लाथा मारतं आहे, बापावर गेलं आहे.

२० जानेवारी

रडू येतंय अन् रागही येतोय. शेजारी हळदीकुंकू होतं. मी हिरवं लुगडं काढलं, बांगड्या चढवल्या. सासूबाई दारात आडव्या! "तुले सातवा लागला. गर्दीत जाऊ नोको."

गर्दी? चार घरांवर जायचं होतं! बाजारात खेळाला शंभर माणसांत बसते तेव्हा गर्दी नाही होत? म्हटलं, "पोटुशी बाईची तर आधी ओटी भरतात." त्यांनी माझ्या हातातलं लुगडं घेतलं, घडी केली अन् पेटीत ठेवलं. म्हातारीचं डोकं फिरलं आहे.

२१ जानेवारी

खेळाला तांड्यावरचा फुलसिंग दिसला. यांच्याच टोळीत गेला होता! पोट सावरत धावले त्याच्याकडं. "भाऊ, हे आले का? कुठं आहेत?"

"कामं लय हायेत, वहिनी." एवढंच. माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या पायांशी बोलला. मग गर्दीत शिरला अन् खेळ अर्धा टाकून निघून गेला. काम लय आहे तर हा कसा आला?

आज काकांनी म्हणे लाडू चोरले. चोरताना कोणी दिसलं नाही. ताट मात्र रिकामं झालं.

२३ जानेवारी

गेलेच शेवटी. दुपारी मोतीबाई चिंचेखाली नवरीच्या घागऱ्याला टाका घालत होती. म्हटलं, बाई, तुमच्या गोष्टीला भोकं किती! बाशिंग, गाडी, लाडू – सगळं काका करतो अन् काका कुठं आहे?

तिनं दातानं दोरा तोडला. म्हणाली, "धरमसिंग. माझा जेठ, यांचा थोरला भाऊ. काकाची शिट्टी त्याचीच होती. उन्हाळ्यात रस्त्यात हगवण लागली, दोन दिवसांत गेला." त्यांच्यात रीत आहे – ज्याची बाहुली, त्याचाच आवाज. तो गेला की बाहुली नदीत सोडायची. दुसऱ्यानं तो आवाज काढायचा नाही.

"मग काका मेला म्हणून सांगून टाका ना!"

"खेळ हसवाचा हाय, बाई. मेला म्हनलं त खेळ मोडते. मरनाऱ्याचं नाव घेत नाही, त्याची जागा तेवढी सोडतो. गोष्ट त्याच्या बाजूनं चालवतो."

"अन् तुम्ही उत्तर देता ते कोणाला?"

माझ्याकडं रोखून पाहिलं तिनं. "मले ऐकू येते." अगदी साधं बोलली, जसं दूध उतू गेलं म्हणावं तसं.

मी उठले. पाठीमागून म्हणाली, "इतकी गावं झाली. लोकं हसतात अन् घरी जातात. काका कुठी गेला हे कोनी इचारत नाही. ज्याच्या घरी जागा सुटली असन, तोच इचारते."

काहीतरीच बोलते मेली!

२४ जानेवारी

पहाटे सासूबाई दळत होत्या. किती दिवसांनी आज मी पडून, कान देऊन ऐकत होते. त्यांची ओवी मला पाठ आहे – आधी देव, मग गाव, मग शेत, अन् शेवटी लेकाचं नाव. नाव आलं की आवाज चढतो त्यांचा. लग्न होऊन आल्यापासून रोज ऐकते.

देव झाला. गाव झालं. शेत झालं. मग ओवी थांबली. जातं चालूच! नावापुरती गरगर झाली अन् पुन्हा देव आला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच.

मी गोधडी तोंडात कोंबली.

२५ जानेवारी

दिवसभर कान लावून होते. या घरात यांचं नाव कोणी घेतलं नाही. पूर्वी दर वाक्याला "आमचा जगदेव, आमचा जगदेव" चालायचं. आज मामंजी म्हणाले, "वावरात वखराची पाळी घालाची हाय, पन..." अन् तिथंच थांबले. सासूबाईंनी त्या थांबण्याला मान हलवली.

मी मुद्दाम म्हटलं, "हे आल्यावर घालतील." दोघंही एकदम म्हणाले, "हो, हो."

मोतीबाईच्या आवाजातलं "हो, हो."

२६ जानेवारी

खेळाचा आज शेवट. जायचं नव्हतं, पाय घेऊन गेले.

लग्न लागलं एकदाचं! अक्षता पडल्या. नवरदेव रिकाम्या कोपऱ्याच्या पाया पडला. मोतीबाईनं ढोलकी थांबवली. सगळे गप्प. मदनसिंग पडद्याबाहेर तोंड काढून बसला होता, शिट्टी त्याच्या तळहातावर मला साफ दिसत होती.

तेव्हा ऐकू आलं. चीं चीं.

शिट्टीची नाही. शिट्टीचा आवाज कोरडा असतो. ही तोंडानं काढलेली, ओली, शेवटी हसू फुटलेली – जशी हे मला चिडवायला काढायचे. माझ्या उजव्या खांद्याच्या मागून आली. मागं फक्त भिंत होती.

मोतीबाईनं माझ्याकडं पाहिलं. "आशीर्वाद देतो म्हनतात," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ओरडले नाही. पोटावर हात ठेवून घरी आले. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, मग वाकून स्वतःच माझे पाय धुतले. सासू कधी सुनेचे पाय धुते का?

२७ जानेवारी

दिवसभर त्यांच्याकडं पाहत होते. माझ्या ताटात तूप जास्त. चुलीपाशी मला बसू देत नाहीत. मी न्हाणीतून आले की आधी माझं कपाळ पाहतात, कुंकू आहे ना म्हणून. धूर नसला तरी डोळे पुसतात अन् म्हणतात, "धूर लय होऊन राह्यला."

मी यांना मनातल्या मनात कैदाशीण म्हणत होते.

२८ जानेवारी

सासूबाईंच्या हातातलं सूप काढून घेतलं. म्हटलं, "माय, रडून घ्या आता. मले ठाऊक हाय."

"तुह्या पोटात त्याचं..." एवढं बोलल्या अन् जमिनीवर पडल्या. असा हंबरडा मी जन्मात ऐकला नव्हता. "जगदेवाऽऽ!" शेजारपाजार धावून आला. मामंजी उंबऱ्यात बसून म्हणत होते, पुलाचा गाळा कोसळला, फुलसिंगानं संक्रांतीआधीच सांगितलं होतं, बाळंतपण होऊ दे म्हणत होतो.

पोटचा लेक गेला अन् बाईनं माझ्यासाठी मोठ्यानं एक हुंदका दिला नव्हता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आधी त्यांना रडू दिलं.

माझं मग.