निळ्या तंबूचा पत्ता

सोमवार, ता. ३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. पाठ दुखते ती ताडपत्र्या उचलून, आजार नव्हे. आईला हे नीट सांग.

आमच्या कारखान्यासमोरच्या फुटपाथवर आता तंबूच तंबू झाले आहेत. तिथे लोकांना राहू द्यायचं की उठवायचं, यावर पुढच्या सोमवारी पालिकेत सुनावणी आहे. मालकांनी बोलायला मला निवडलं. का, तर माझं अक्षर सुवाच्य आणि मी कुणाशी भांडत नाही! मजकूर त्यांचाच : तंबू ताबडतोब हटवा. मी तो पुन्हा पुन्हा उतरवून काढतो आहे, पण मन थाऱ्यावर नाही. कोपऱ्यावरच्या काठीवाल्या आजींना फुटपाथ सोडून ट्रकांमधून चालावं लागतं. परवा एका ट्रकचा आरसा त्यांच्या खांद्याला घासून गेला. तेव्हा वाटतं, हटवाच. मग एखादी बाई तंबूबाहेर मुलीची वेणी घालताना दिसते आणि वाटतं, हटवून पाठवायचं कुठे?

आणखी एक. दिव्याच्या खांबाजवळ एक निळा तंबू आहे. त्याच्या दाराची दोरी बाहेरून निरगाठ दिसते, पण टोक आत दुमडलेलं, आतून ओढलं की सुटेल असं. दादा माझं दप्तर असंच बांधायचा. तो मला भेटतो ते बागेत. खोलीवर त्याने कधी नेलं नाही. तंबूत डोकवायचा धीर होत नाही. तो खोलीतच राहतो ना, तेवढं कळव.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

—

गुरुवार, ता. ६

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा तू, तुला दोरीतही भूत दिसणारच, असं म्हणून मी हसले. मग दादाचं मागचं पत्र काढलं. खोली हवेशीर आहे, खिडकीबाहेर रात्रभर दिवा असतो, विजेचा खर्च नाही, असं त्याने लिहिलंय. आई हे सगळ्या आळीला कौतुकाने सांगते. आज वाचताना माझ्या तोंडचं पाणी पळालं.

अरे, डोकवायचं कशाला? दारात उभं राहून हाक मार. सुनावणीच्या आधी जा, नंतर नको. आईला इतक्यात काही कळू देत नाही. काळजी करत बसू नकोस, असं लिहिते खरी, पण ऐकशील तर तू कसला!

आहेस तसाच आमचा राहा.

तुझी,
ताई

—

बुधवार, ता. १२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हाक मारली. आतून आवाज आला, की चपला बाहेर काढ, आत्ताच झाडलंय. दादाच होता.

लेथचा कारखाना बंद पडला आणि खोली सुटली. हमाली मिळेल तशी करतो. इथेच का तंबू टाकलास, असं मी विचारलं, तर म्हणाला, तू कामावरून धड बाहेर पडतोस ना, हे दिसतं. मी सुटेपर्यंत तो दार बांधून आत बसायचा! माझ्या खोलीवर चल म्हटलं, तर म्हणे तिथे दोघांना श्वासही पाळीपाळीने घ्यावा लागेल, आणि घरमालकीण तुलाही बाहेर काढील. काठीवाल्या आजींचं मात्र त्याला पटलं. म्हणाला, ते बोल, खरं आहे. माझं नाव नको, आईच्या कानावर जाईल.

सुनावणीत मालकांच्या कागदाची पहिली ओळ वाचली आणि घडी करून तो खिशात घातला. मग तोंडीच म्हणालो, की माणसाने फुटपाथवर राहावं असं मला वाटत नाही, आजींना वाट हवीच. पण त्या निळ्या तंबूत माझा सख्खा मोठा भाऊ राहतो, आणि त्याने जायचं कुठे हे सांगितल्याशिवाय त्याला उठवा असं माझ्या तोंडून निघणार नाही. कुणीतरी विचारलं, कुठे आहे भाऊ? मागच्या बाकावर दादाने शाळेत करतात तसा हात वर केला. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

दुसरी जागा सापडेपर्यंत तंबू भिंतीला चिकटून राहतील, वाट मोकळी ठेवायची, असं ठरलं. काल सगळ्यांनी मिळून तंबू सरकवले. आजी आल्या, काठीने वाट चाचपली आणि अजून अरुंदच आहे म्हणाल्या. मालक माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी राहील की नाही, कळत नाही. आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
धाकटा

—

रविवार, ता. १६

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

माझे डोळे अधू, म्हणून ताई पत्रं वाचून दाखवते. परवा धाकट्याचं वाचताना ती मध्येच दोनदा खोकली. तिला खोकला झालेला नाही. ती बाजारात गेल्यावर शेजारणीकडून पत्र पुन्हा वाचून घेतलं, आणि हे पत्रही शेजारणीच्याच हातचं आहे.

ती गाठ तुम्हा दोघांना मीच शिकवली होती. बाहेरच्याने ओढून उघडू नये आणि आतल्याने अडकू नये म्हणून.

इथे येऊन जावयाच्या घरी रिकाम्या हाताने बसणं तुला जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. बसू नकोस. पण दोन दिवस ये, पाय पसरून झोप, मग जा. धाकट्याला म्हणावं, बोललास ते चांगलं केलंस, आता जेवत जा.

यापुढे मला खोली लिहून पाठवू नकोस. पाकिटावर मी खरा पत्ता घातला आहे : ताडपत्रीच्या कारखान्यासमोर, दिव्याच्या खांबाजवळ, निळा तंबू. पोस्टमनने हाक मारली की गाठ सोड आणि बाहेर ये.

तुझी,
आई