आईने हसून हलवलेली मान

स्वरूप,

कॉम्प्युटरचा स्पीकर बिघडलेला नव्हता रे मेल्या! तुझ्या लिनक्समध्ये आवाज कमी-जास्त करायचं ते अल्सामिक्सर उघडलं, तर स्पीकरची पट्टी म्यूट. कीबोर्डवरचा एम दाबला आणि आवाज आला. गेमचा आवाज आईला कळू नये म्हणून तूच बंद करून ठेवलास ना? वर तिलाच सांगतोस, जुना झालाय, चालायचंच!

परवा त्याच कॉम्प्युटरवर बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बोटीवर रेंज कशीबशी मिळते, ती 'ऐकू येत नाही' सांगण्यात जायला नको म्हणून आई नुसती हसून मान हलवत बसली. आज बाबांचा मला मेसेज आलाय: 'तुझी आई हो म्हणाली, म्हणून गणपतीला न येता आणखी सहा महिने बोटीवरच राहतोय.'

मी ड्युटीला जातेय. आई माळ्यावरचं मखर काढून पुसत बसलीय. तिला तूच सांग.

ताई